मंगलचं ‘जा’

मंगलच्या नवऱ्याचा, प्रकाशचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. “ताई, मंगल गेली... झोपेतच,” एवढंच तो बोलला. फोन ठेवल्यावर तिच्या हातातलं काम कोणाला द्यायचं ते मी आधी ठरवलं, आणि मग मुलुंडला तिच्या घरी निघाले. माझ्या जागी तिनेही हेच केलं असतं.

अंधेरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत मालिकांचं डबिंग होतं. आवाजाच्या फायली जागच्या जागी ठेवणं, नको त्या पुसणं, तयार भाग पाठवणं हे आम्हा दोघींचं काम. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर... मालिका, भाषा, पर्व, भाग. माउसने एकेक उघडत बसलं तर दिवस सरतो, म्हणून आम्ही काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून जायचो. पण तिथेही फोल्डरचा अख्खा पत्ता लिहावा लागे. संधिवाताने मंगलची बोटं वाकायला लागली, तसे ते लांबलचक पत्ते तिला जड जाऊ लागले. आमचे सर माणूस वाईट नाहीत. पण एक दिवस म्हणाले, “मंगल, तू रिसेप्शनला बस ना. फोन घेत जा.” ती म्हणाली, “सर, बोटं बिघडलीत, डोकं जागेवर आहे. थोडा वेळ द्या.”

त्या वेळात तिने एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. आपण कुठल्या फोल्डरात वारंवार जातो, अलीकडे कुठे गेलो होतो, हे तो लक्षात ठेवायचा. नावातली दोन-तीन अक्षरं दिली की थेट तिथे नेऊन सोडायचा. अशी साधनं जगात आधीपासून होती. तिने ती वापरून पाहिली आणि आमच्या कामाला बसेल असं स्वतःचं बेतलं. आज्ञेचं नाव ठेवलं ‘जा’.

“एवढंच?” मी विचारलं.

“मग काय, ‘कृपया प्रस्थान करावे’ ठेवू? टाइप करायला बोटं तू देणार का गं?”

झकास चाललं होतं, आणि मग ती चुकली. एका मालिकेच्या जुन्या पर्वातले फुकट गेलेले टेक, म्हणजे चुकलेली रेकॉर्डिंगं, तिला पुसायचे होते. पण तो सगळा आठवडा ती नव्या पर्वात काम करत होती, त्यामुळे ‘जा’ने तिला सवयीप्रमाणे नव्या पर्वात नेलं. तिने न बघता पुसलं. आदल्या दिवसापर्यंतचं बॅकअपमधून परत मिळालं, पण त्या सकाळचं रेकॉर्डिंग गेलं ते गेलंच. कलाकाराला पुन्हा बोलवावं लागलं. सर भडकले. “म्हणूनच सांगत होतो तुला!” रिसेप्शनची खुर्ची आता नक्की, असं मला वाटलं. मंगल सगळ्यांसमोर म्हणाली, “चूक माझी. कुठे पोचले ते मी बघितलं नाही. पण ‘जा’ने मला बघायला लावायला हवं होतं. ते मी करते. परत वाट लागली तर न सांगता रिसेप्शनला जाऊन बसेन.”

तिने केलं. दोन जागा सारख्या वाटल्या की ‘जा’ आता दोन्ही दाखवून थांबतं; पुसण्याआधी आपण कुठे आहोत ते ठळक दाखवतं, आणि हो म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही. हळूहळू आम्ही सगळ्यांनीच ते घेतलं, धडधाकट बोटांच्या पोरांनीसुद्धा. मंगल रिसेप्शनला कधी बसली नाही. गेली ती स्वतःचं काम हातात असताना गेली. मला याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

गेल्या आठवड्यात ऑफिसात नवा सर्व्हर आला. बसवायला आलेला माणूस म्हणाला, “हे घरगुती काय आहे? काढून टाकतो.” मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, “हात लावू नका त्याला. आमच्या मंगलने केलंय ते. अख्खं ऑफिस त्याच्यावर चालतं.”

नव्या मशीनवर ‘जा’ला अर्थात एकही वाट ठाऊक नव्हती. प्रत्येक फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहून त्याला एकदा तिथे न्यावं लागतं, तेव्हा ते शिकतं. आम्ही सगळे ओळीने बसून टाइप करत होतो. कोणीतरी कुरकुरलं, “किती टाइप करायचं यार!”

मी म्हटलं, “एकदाच करायचं. पुढचं मंगल बघते.”