बारावी खुर्ची

आमच्या सभागृहात मी दिवे सांभाळायचो आणि मावशी खुर्च्या. पहिल्या रांगेतल्या बारा खुर्च्यांवर ‘निमंत्रित’ अशा चिठ्ठ्या लावणं हे त्यांचं काम. गोंदाने कापड डागाळतं म्हणून त्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधायच्या, आणि कार्ड पाहिल्याशिवाय तिथे प्रत्यक्ष देवालाही टेकू द्यायच्या नाहीत.

एकदा व्यवस्थापकसाहेबांचे मेहुणे ऐटीत पुढे जाऊन बसले. मावशींनी त्यांना उठवलं.

“अहो, मी साहेबांचा पाहुणा आहे!”

“असाल की. पाहुणा आपणहूनही येतो, आला की आपण चहा देतो. निमंत्रित म्हणजे ज्याला कुणीतरी आठवणीने बोलावलंय तो. कार्ड दाखवा, नाहीतर मागे बसा.”

मेहुणे मुकाट्याने मागे गेले. साहेबांनी मात्र ते मनात ठेवलं.

पुढे मावशींच्या लेकीचं पहिलं जाहीर गाणं ठरलं, तेही आमच्याकडेच. पोरीने गावभरच्या मान्यवरांना कार्डं वाटली. आईला दिलं नाही. घरच्या माणसाला कसलं कार्ड, असं तिला वाटलं असणार. मावशींचा जीव मात्र त्या कार्डात अडकला होता.

“मी सांगतो तिला,” मी म्हटलं.

“खबरदार! मागून घेतलं तर ते निमंत्रण कसलं?”

त्या संध्याकाळी मावशींनी बारा चिठ्ठ्या बांधल्या आणि नेहमीसारख्या दाराशी उभ्या राहिल्या. अकरा खुर्च्या भरल्या. बारावा निमंत्रित आलाच नाही. पडदा उघडला. लेकीने रिकामी खुर्ची पाहिली, मग दाराकडे पाहिलं.

“आई, बस ना इथे.”

“कार्ड नाही माझ्याकडे.”

सभागृहात खसखस पिकली. लेक मात्र हसली नाही. तिचा चेहरा पडला. तानपुरा बाजूला ठेवून ती खाली उतरली, माझ्याकडून पेन घेतलं, वहीत उरलेल्या कोऱ्या कार्डावर आईचं नाव लिहिलं आणि थेट दारापर्यंत चालत गेली.

“आई, चुकलं माझं. माझ्या गाण्याला नक्की यायचं.”

मावशींनी कार्ड पूर्ण वाचलं. तारीख, वेळ, स्थळ, सगळं. तीनशे माणसं थांबली होती, थांबू देत! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

लेक मंचावर परतली. मावशी पुढे निघाल्या तेवढ्यात साहेब आडवे आले. “मावशी, ही रांग...”

“निमंत्रितांची आहे,” मावशींनी कार्ड त्यांच्या नाकासमोर धरलं आणि बाराव्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. “आता व्हा बाजूला, पोरगी दिसत नाहीये मला.”