वाक्य लिहा, चहा प्या

झाशीतल्या समस्त मराठी, निममराठी आणि केवळ चहापुरत्या मराठी झालेल्या मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दतिया गेटजवळच्या आमच्या नानांच्या घरातला फळा यापुढे कुणीही पुसायचा नाही. पुसलात तर गाठ काकूंशी आहे!

नाना म्हणजे माझे चुलते. दीड महिन्यापूर्वी सकाळी चुलतभावाचा फोन आला, "ताई, नाना गेले..." आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मनात आलं ते हेच, की फळ्यावरचं माझं वाक्य दुरुस्त करायचं राहिलंच की!

नानांनी एका कंपनीच्या आवक-जावक विभागात जन्म काढला. "'वुई आर प्लीज्ड' लिहिणारा एकही साहेब मी कधी खूश पाहिला नाही," म्हणायचे. त्याचाच सूड म्हणून की काय, निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी बैठकीच्या खोलीत फळा टांगला. दर रविवारी त्यावर इंग्रजीतला एक साधा शब्दप्रयोग. येणाऱ्याने तो वापरून वाक्य लिहायचं. इंग्रजी अचूक हवंच, पण वाक्य खरंही हवं! मग नाना स्वतः आल्याचा चहा करणार. वाक्य नाही तर चहा नाही, मग जावई का असेना!

शेवटचा शब्दप्रयोग होता 'ॲज यूज्वल', म्हणजे नेहमीप्रमाणे. दूधवाले भैया म्हणाले, "नानाजी, अंग्रेज़ी आप बताओ, सच हम बोल देते हैं." नाना एकेक अक्षर सांगत गेले आणि फळ्यावर उमटलं, 'ॲज यूज्वल, देअर इज वॉटर इन द मिल्क.' भैयांना दोन कप मिळाले! मी ऐटीत लिहिलं, 'ॲज यूज्वल, माय हज्बंड वॉश्ड द डिशेस.' नानांनी आधण खाली उतरवलं. "इंग्रजी शंभर टक्के, वाक्य शून्य. घरी जा, त्याला भांडी घासायला लाव, मग ये." तीच आमची शेवटची भेट... बिनचहाची.

एकट्या काकूंनी मात्र कधी खडूला हात लावला नाही. नाना विनवायचे, "एक वाक्य लिही गं. जन्मभर तुझ्या हातचा प्यालो, एकदा माझ्या हातचा पी." पण काकूंचा राग जुना. मानिक चौकात नाना कायम दहा पावलं पुढे, आणि गर्दीत पिशव्या सांभाळत मागून हाका मारणाऱ्या काकू! "आधी बाजारात माझ्यासाठी थांबायला शिका, मग शिकवा इंग्रजी." नाना हसायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा दहा पावलं पुढेच. हट्ट दोघांनीही सोडला नाही.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. चुलतभाऊ ओला फडका घेऊन फळ्याकडे निघाला, तशा काकू म्हणाल्या, "थांब रे." आणि खडू उचलला! आम्ही सगळे उभेच राहिलो. इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या दारातून प्रत्येकाचं वाक्य वाचलं होतं बाईंनी. भैयांच्या दुधाखाली, माझ्या खोट्या भांड्यांखाली, सावकाश एकेक अक्षर उतरलं...

'ॲज यूज्वल, ही डिड नॉट वेट फॉर मी.'

अचूक. आणि खरं. काकूंनी पदराला हात पुसले, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत बोलून गेल्या, "लिहिलं की हो! आता माझा चहा कोण करणार?"