ममताचा बर्फ

जेसल पार्क वसाहतीत ममता साळवीला सगळे ‘हॉस्पिटलवाल्या मॅडम’ म्हणून ओळखतात. कॅनडातल्या एका छोट्या गावाला मात्र ती ठाऊक आहे कर्लिंगची चॅम्पियन म्हणून.

नर्सची नोकरी धरून ती तिकडे गेली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. सहा महिन्यांचा हिवाळा, बोलायला कोणी नाही. वॉर्डातली सहकारी नर्स कॅरल एकदा तिला क्लबात घेऊन गेली. बर्फावरून वीस किलोचा गुळगुळीत दगड सोडायचा, सोबतच्या दोघींनी पुढे ब्रशने बर्फ घासत त्याला वाट करून द्यायची आणि दूरच्या वर्तुळाच्या मध्याशी नेऊन थांबवायचा, एवढाच खेळ. पहिल्या दिवशी ती चारदा आपटली. पण हातातून सुटलेला दगड सावकाश वळत गेला तेव्हा ती दुखणं विसरली. नवव्या हिवाळ्यात ती संघाची कप्तान झाली, आणि बाराव्यात तिच्या शेवटच्या दगडावर प्रांताचं अजिंक्यपद आलं.

पुढच्याच वर्षी आई गेली. बाबांची, उत्तमरावांची, नजर तोवर अधू झालेली. तीन महिन्यांसाठी म्हणून ममता आली, त्याला आता सहा वर्षं होतायत. रविवारी मासे आणायला उत्तनच्या बंदरावर गेली की बर्फाच्या लाद्या फोडणाऱ्यांपाशी ती उगाच रेंगाळते.

बाबांनी त्या खेळाची कधी चौकशी केली नव्हती. या फेब्रुवारीत एकदा जेवताना अचानक म्हणाले, “तो शेवटचा दगड कसा टाकलास, सांग बघू.”

हात ताटातच वाळेपर्यंत ती सांगत राहिली. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. मग म्हणाले, “तुला परत जायचंय.”

“जायचंय, बाबा. पण आत्ता नाही.”

त्यांनी चाचपत तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

मार्चात तिच्या संघाने पुन्हा अजिंक्यपद मिळवलं, दुसरी कप्तान घेऊन. कॅरलने फोटो पाठवला. ममताने मनापासून अभिनंदन कळवलं, आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, या वेळी बर्फ कसा होता.

कॅरलचं उत्तर लगेच आलं, “दगड जरा जास्तच पळत होते. तुला आवडलं असतं.”

ममताने ते दोनदा वाचलं आणि बाबांच्या डोळ्यांत औषध घालायला उठली.