क्राऊन-पिनियन आणि उजवा कान

नंबरकाका दिवसभर लोकांना एकच प्रश्न विचारतात. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जडशीळ फ्रेम चढवायची, तिच्यात एक काच घालायची, मग ती काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "हे बरं, की आधीचं?" गिऱ्हाईक गोंधळतं, परीक्षेला बसल्यासारखं घाम पुसतं. काका न चिडता पुन्हा विचारतात. या एका प्रश्नावर त्यांनी दुकान चालवलं, घर उभं केलं, मुलाला शिकवून मार्गी लावलं. चष्म्याचे नंबर काढणारे म्हणून ते नंबरकाका. त्यांचं खरं नाव आता बँकेला आणि सासूबाईंनाच ठाऊक असावं.

मुलगा नोकरीसाठी दूर गेला त्या वर्षी काकांनी लाल स्पोर्ट्स कार घेतली. दोन माणसांची, कापडी टपाची, वयानं मुलापेक्षा मोठी. जमिनीला इतकी लागून की शेजारून सायकलवाला गेला तरी तो वरून बघतो. "मी तिच्यात बसत नाही, पडतो," असं काका स्वतःच सांगतात. "बाहेर यायला मात्र हात लागतो." हात द्यायचं काम काकूंचं. त्या एका हातानं काकांना ओढतात आणि दुसऱ्या हातानं त्यांची टोपी सांभाळतात. हो, टोपीही होती. स्पोर्ट्स कारवाल्याला शोभणारी, चामड्याची. ती घालून काका आरशात पाहत तेव्हा त्यांना शर्यतीतला ड्रायव्हर दिसत नसे, पाण्याचा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस दिसे. पण पैसे देऊन बसले होते, म्हणून घालत.

आता काकूंच्या कानाचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्या कानाची आहे. त्यांचा डावा कान बऱ्याच वर्षांपूर्वी एका तापात गेला. उजवा चांगला होता, पण घरात त्याचा उपयोग कमी. स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा, बाहेर टीव्ही, आणि झोपायचं उजव्या कुशीवर, म्हणजे चांगला कान उशीत. गाडीत मात्र काका उजवीकडे, काकू डावीकडे, आणि चांगला कान नेमका काकांच्या बाजूला. दर रविवारी सकाळी दोघं मोठ्या रस्त्यानं धरणापर्यंत जात, थर्मासमधला चहा पीत आणि परत येत. आठवडाभराचं साठलेलं सगळं काकू त्या वेळात बोलून घेत. काका "हं" म्हणत. संसारातलं खरं बोलणं म्हणाल तर तेवढंच उरलं होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना मध्ये साडू आले. साडू माणूस वाईट नाही, फक्त साडू आहे. काकूंच्या भावाचं घर डोंगरावर आहे आणि तिथे महिन्यातून एकदा सगळे जमतात. अशाच एका वेळी काका चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रडतखडत चालले होते. चौथ्यात टाकलं की गाडी दम सोडायची, दुसऱ्यात टाकलं की बोंब मारायची. एवढ्यात मागून साडूंची सात माणसांची डबा गाडी आली आणि अलगद पुढे निघून गेली. मागच्या काचेतून सासूबाईंनी हात हलवला. त्यात आनंद कमी आणि कीव जास्त होती. वर पोचल्यावर साडूंनी अगदी मायेनं विचारलं, की वाटेत कुठे विश्रांतीला थांबला होतात का.

काकांना ते बोलणं पचलं नाही. जन्मात कधी शर्यत न लावलेला, रांगेतही दुसऱ्याला पुढे जाऊ देणारा हा माणूस त्या दिवसापासून गाड्यांची माहिती वाचत बसला. वाचता वाचता त्यांना समजलं, की मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो त्याच्या पोटात एक लहान दातेरी चाक एका मोठ्या दातेरी चक्राला फिरवतं. याला क्राऊन-पिनियन म्हणतात. ही जोडी बदलून जरा कमी दात्यांचं पिनियन घातलं, की इंजिनाला चाकं फिरवणं हलकं जातं आणि गाडी चढावर उडी मारते. बदल्यात सरळ रस्त्यावर त्याच वेगाला इंजिनाला जास्त फिरावं लागतं आणि ते जास्त ओरडतं. काकांनी या माहितीचा पहिला अर्धा भाग पाठ केला आणि दुसऱ्याकडे चक्क कानाडोळा केला.

मिस्त्रींनी तसं समजावूनही सांगितलं होतं. नाक्यावरचे हे मिस्त्री काकांकडूनच चष्मा घेतात. ते म्हणाले, की गाडी पळेल, पण मोठ्या रस्त्यावर डोकं उठवेल. शिवाय वेगाचा काटा गिअरबॉक्सवरून फिरतो, तेव्हा तो आता फुगवून आकडा दाखवेल. त्याचं लहान चाक मागवून बदलायला हवं. काका म्हणाले, काट्याचं नंतर बघू. जोडी बसवायच्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं. मिस्त्रींनी दात्यांना पिवळा रंग फासला, चक्र हातानं फिरवलं आणि दाते कुठे घासतात ते पाहिलं. काकाही दुकानातलं भिंग डोळ्याला लावून वाकले, बराच वेळ "अच्छा, अच्छा" करत राहिले आणि नाकाला पिवळा ठिपका घेऊन उभे राहिले. त्यांना काहीही कळलं नव्हतं. ठिपका घरी येईपर्यंत कुणी सांगितला नाही.

पण गाडी पळाली, हे कबूल करायला हवं. पुढच्या महिन्यात काकांनी चढाच्या पायथ्याशी साडूंना गाठलं, दुसऱ्यात टाकली, मग तिसऱ्यात, आणि ती खरोखर उधळली. डबा गाडी मागे पडली. काकांनी सासूबाईंना हात केला. वर पोचल्यावर ते गाडीला टेकून, टोपी तिरकी करून उभे राहिले आणि साडू उतरताच सहज म्हणाले, की सपाटीवर शंभराच्या पुढे होतो.

"सपाटीवर तुम्ही माझ्या मागेच होतात," साडू म्हणाले. "माझ्याकडे पंच्याऐंशी दाखवत होतं."

सगळे हसले. काकाही हसले, कारण न हसणं अजून वाईट दिसलं असतं. मिस्त्रींचं बोलणं त्यांना आत्ता आठवलं, आणि खाली आल्यावर त्यांनी काट्याचं ते लहान चाक मागवायला सांगितलं. तरी चढ जिंकला होता, तो कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. त्या आनंदात ते बरेच दिवस हवेत होते.

रविवारचं फिरणंही चालूच होतं. मोठ्या रस्त्याला लागलं की इंजिन जे सूर लावायचं ते धरण येईपर्यंत खाली उतरायचं नाही. कापडी टप थरथरायचा, थर्मासचं झाकण नाचायचं. काकांना तो आवाज गोड वाटे. ते एक डोळा काट्यांवर ठेवून चालवत. काकू काही म्हणाल्या की मान डोलवत, आणि काकू गप्प बसल्या की त्यांना वाटे, ही पण ऐकतेय, कशी पळतेय ते. एका रविवारी काकूंनी त्यांच्या दंडावर हात ठेवून बराच वेळ काहीतरी सांगितलं. काकांना वाटलं, गाडीचं कौतुक चाललंय. ते प्रसन्नपणे हसले. नंतर दोन रविवार काकू घरीच थांबल्या. म्हणाल्या, कपाटं आवरायची आहेत.

मग मेहुणीचा फोन आला. साडूंची बायको, काकूंची धाकटी बहीण. काका दुकानात एका आजीबाईंचा नंबर काढत होते.

"भावजी, ताईच्या कानाचं काय ठरलं?" तिनं विचारलं.

काका म्हणाले, तो कान तर केव्हाच गेला.

"उजव्याचं विचारतेय. डॉक्टर म्हणाले ना, तोही हळूहळू जाणार."

"हो हो, बघतोय," काका म्हणाले. एवढं त्यांना आयुष्यभर चांगलं जमलेलं होतं, काही माहीत नसताना माहीत असल्यासारखं बोलणं. मग फोन ठेवला. समोर आजीबाई दुसरी काच नाकावर घेऊन वाट पाहत होत्या, आणि काकांना पुढचा प्रश्न आठवेना.

घरी आले तर पंखा चालू होता. त्यांनी तो बंद केला, काकूंच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि विचारलं, की मला सांगितलं का नाहीस.

"सांगितलं की," काकू म्हणाल्या. "गाडीत. दोनदा."

काकांनी मागचे रविवार आठवून पाहिले.

"तुम्ही हसलात," काकू म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर काकांना बरं वाटलं असतं, त्यावर ते काहीतरी बोलू शकले असते. "मला वाटलं, धीर देताय. मग वाटलं, ऐकूच गेलं नसेल. परत सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत."

त्या दिवशी काकांनी स्वतःचा नंबर काढला आणि तो बराच निघाला. काकूंचा एक कान गेला होता. काकांचे स्वतःचे दोन्ही गेले होते, आणि तेही धडधाकट असताना, पदरचे पैसे खर्चून, दुकान बंद ठेवून. साडूंच्या पुढे जाण्यासाठी. लोकांना दिसावं म्हणून जन्म घालवलेल्या माणसाला दंडावरचा हात दिसला नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की आता किती रविवार राहिले असतील.

दुसऱ्या दिवशी ते मिस्त्रींकडे गेले. जुनी जोडी तेलकट कागदात गुंडाळून दुकानाच्या टेबलाखाली ठेवलेली होती, तीच घेऊन गेले. मिस्त्रींनी विचारलं, की काट्याचं लहान चाक कालच आलंय, त्याचं काय करू. काका म्हणाले, ठेवून घ्या, माझ्यासारखं आणखी कोणी येईल. या खेपेला ते भिंग घेऊन वाकले नाहीत. नवी जोडी आता दुकानात बिलांवर वजन म्हणून ठेवलेली असते. काय आहे म्हणून कुणी विचारलं की काका म्हणतात, माझी अक्कल आहे, खाली पडू देऊ नका.

पुढच्या रविवारी डोंगरावर जायचं होतं. काकू कपाटं आवरत बसल्या नाहीत. मोठ्या रस्त्यावर इंजिन पूर्वीसारखं पुटपुटत होतं. चढ लागला, गाडी तिसऱ्यात रडू लागली आणि मागून साडूंची डबा गाडी आली. काकांनी बाजू दिली. सासूबाईंनी हात हलवला, काकांनीही हलवला. टोपी त्यांनी घरीच ठेवली होती.

वळण घेतल्यावर त्यांनी मान थोडी डावीकडे केली आणि दिवसभर परक्यांना विचारायचा तो प्रश्न पहिल्यांदा घरच्या माणसाला विचारला.

"हे बरं, की आधीचं?"

"हे," काकू म्हणाल्या.

काका हलके झाले. आता नेहमीप्रमाणे त्या बोलायला लागतील आणि आपण ऐकू, या वेळी खरंच ऐकू, असं ठरवून ते तयार होऊन बसले. काकू काही बोलेनात.

"अगं, बोल ना," काका म्हणाले.

"मी पुष्कळ बोलले. मी नंतरही बोलू शकेन," काकू म्हणाल्या. "ऐकायला मात्र आत्ताच येतंय. तुम्ही बोला."

काकांनी तोंड उघडलं. दात्यांची संख्या, इंजिनाचे फेरे, चढाचं गणित, सगळं जिभेवर होतं. ते त्यांनी मागे ढकललं आणि मागे दुसरं काय आहे ते शोधू लागले. एवढ्या वर्षांचं "हं" तिथे गठ्ठ्यानं पडलं होतं. गाडी रांगत होती आणि वर पोचायला अजून वेळ होता. काकांनी घसा साफ केला आणि मुलगा गेला त्या वर्षी, गाडी घेतली तेव्हा, त्याची रिकामी खोली आपल्याला बघवत नव्हती, तिथून सुरुवात केली. काकू त्यांच्याकडे जरा सरकून बसल्या.