देवघर होऊ घातलेला टेलिव्हिजन

"इंग्रजी शाळेत काय गेली वं, मुकी होऊन आली."

शेजारच्या बाई माझ्याबद्दल बोलत होत्या. ओसरीवर त्या आणि माझी काकू फुलवाती वळत बसल्या होत्या. दाराआड मी पाण्याचे पेले घेऊन उभी होते.

"मुकी नाही जी," काकू म्हणाली. "त्या डब्ब्यापाशी बसली का मनातल्या मनात बोलत राह्यते. मानसापाशी तोंड उघडत नाही."

"कोन्ता डब्बा?"

"यायनं आनलेला टेलिविजन. सुताराले सांगतलं मी. आतलं समदं काढून फेकतो म्हने, अन् देवघर करून देतो. दारं आहेतच त्याले."

मी पेले घेऊन तशीच मागं फिरले.

आई गेल्यावर वडिलांनी मला अमरावतीच्या इंग्रजी शाळेत, तिथल्याच वसतिगृहात ठेवलं होतं. सुट्टीत मी अकोल्याला, जठारपेठेत काका-काकूंकडे यायची. शाळा संपली तेव्हा वडिलांची बदली आणखी लांब झाली होती, म्हणून मी इथंच राहिले. शाळेत तोंडातून वऱ्हाडी निघालं की बाई डोळे वटारायच्या आणि इथं शाळेसारखं बोललं की सगळी ओसरी हसायची. मी बोलणं कमी करत गेले. कुणाचं त्यावाचून अडत नव्हतं.

काकांना परदेशी रेडिओंचा नाद होता. कापसाच्या कंपन्यांतले साहेब कायमचे मायदेशी निघाले की बंगल्यातलं सामान विकायला काढत. लोक खुर्च्या, कपबशा बघायचे. काका बंद पडलेले रेडिओ शोधायचे. हॉलंडचे, जर्मनीचे, विलायतेचे. त्यातच एका साहेबाचा टेलिव्हिजन आला. रजेवरून येताना त्यानं तो हौसेनं आणला होता, आणि इथं त्यावर दिसण्यासारखं काहीच नव्हतं. जाडजूड लाकडी पेटी, पुढं दोन दारं, दारांमागं फुगीर, लहानशी काच. काका म्हणायचे, "दिल्लीले सुरू झालं. इकडंही येईल कधीतरी. आपला तयार पायजे." काचेवर चित्र ज्या आडव्या रेघांनी उमटतं, त्या रेघांचा हिशेबच तिकडं आणि आपल्याकडं वेगळा असतो, स्टेशन आलं असतं तरी त्यावर काही दिसलं नसतं, हे मला फार नंतर कळलं. काकांना ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

मला दुरुस्ती शिकवतानाही काका फार बोलत नसत. जुना सेट थेट विजेला लावायचा नाही, मध्ये एक साधा बल्ब जोडायचा, एवढं त्यांनी दाखवलं होतं. आत कुठं बिघाड असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. पेटून मंद झाला, तर आत जीव आहे. आम्ही दोघं श्वास धरून त्या बल्बकडे बघत बसायचो. त्या घरात मी कुणाच्या इतक्या जवळ बसले असेन तर तेवढंच.

सुताराची ही गोष्ट निघण्याआधीच्या उन्हाळ्यात काका वारले. टेलिव्हिजन तसाच राहिला.

काकू मागच्या, काकांच्या रेडिओंच्या खोलीत कधीच येत नसे. संध्याकाळी काका तिथं आणि ती चुलीपाशी, लग्नानंतरची सगळी वर्षं अशीच गेली असावीत. तिचे देव भिंतीतल्या ओल धरणाऱ्या कोनाड्यात होते. त्यांना चांगलं लाकडी घर हवं, हे तिचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. म्हणूनच मला नाही म्हणता येत नव्हतं. चालणारी वस्तू ती मोडणार नाही, एवढीच आशा होती. सुतार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होता, कारण दसऱ्याला त्याची हत्यारं पूजेत असत.

मी कामाला लागले. मेण गळलेले जुने कंडेन्सर, म्हणजे आतले वीज साठवणारे लहान भाग, काढले आणि काकांनी नागपूरहून आणून ठेवलेले नवे लावले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बल्ब जोडून बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला आणि तसाच पेटत राहिला. घाईनं बंद केलं. खाली, पेटीतल्या पत्र्याच्या सांगाड्याच्या कोपऱ्यात एक जुना कंडेन्सर राहून गेला होता. तो सकाळी बदलू म्हटलं.

सकाळी पाहते तर तारांना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न जागेवर नाही. काकूनं काकांची सगळी हत्यारं नेऊन देवांपुढं पाटावर मांडली होती. पक्कड, पेचकस, आयर्न, प्रत्येकाला हळद-कुंकू, वर झेंडूची फुलं. काका असताना ही पूजा ते स्वतः करत, आणि मग दिवसभर हात मांडीवर ठेवून बसत. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं.

दुपारी लोक सोनं द्यायला आले. मी आपट्याची पानं घेतली, मोठ्यांच्या पाया पडले. कुणी काही विचारलं की मान हलवली. हसणं-बोलणं सगळं ओसरीवर चाललं होतं आणि मी त्यात उभी राहूनही कुठंच नव्हते. हळूच आत गेले, पाटापुढं वाकून नमस्कार केला आणि आयर्न उचललं. बोटांना कुंकू लागलं.

"काहून वं?" काकू मागं उभी होती. "आज हत्यार उचलते का कोनी? तुह्या काकानं कदी उचललं नाही."

मी आयर्न घेऊन मागच्या खोलीत गेले. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

तो शेवटचा कंडेन्सर बदलला. बल्ब जोडला. पेटला, आणि हळूहळू मंद होत गेला. मी वळून उंबऱ्यातल्या काकूकडे पाहिलं, पण बल्ब मंद झाला म्हणजे काय, हे त्या घरात आता मला एकटीलाच कळत होतं.

बऱ्याच वेळानं काच उजळली. राखाडी-निळा उजेड, त्यात ठिपक्यांची नुसती सळसळ. काकू उंबरा ओलांडून आत आली आणि काकांच्या स्टुलावर बसली. उजेड तिच्या कपाळावर हलत होता.

"एवढ्यासाठी बसत व्हते हे इथं," ती म्हणाली. मग काचेकडं बोट करून, "काय दिसते वं यात?"

स्टेशन, लहरी, अंतर, सगळं सांगण्यासारखं माझ्यापाशी होतं, पण ते इंग्रजीत होतं.

"काहीच नाही दिसत, काकू," मी म्हणाले. आवाज ओसरीपर्यंत गेला असेल. "पन सुताराले उद्या येऊ नको म्हना. हा मले पायजे."