‘जेव’ न म्हणणारी अक्का

उभ्या तंजावुरात मला ‘जेवलीस का?’ असं कधीही न विचारणारी एकच बाई भेटली, आणि ती मला जेवायला सोबत करण्यासाठीच यायची. आमच्या गावात हा प्रश्न म्हणजे नमस्कार. ऑटोवाला विचारतो, फुलवाली विचारते, भांडायला आलेली शेजारीणसुद्धा आधी तेच विचारते. अक्का दारात चपला काढून एवढंच म्हणायची, “आले, मा.”

अक्का माझी सख्खी बहीण नव्हे. इस्पितळाच्या मनोविकार विभागात नर्स म्हणून तिनं आयुष्य काढलं होतं. राहायची जवळच्या ओरत्तनाडूला, आणि आमच्यासारखीच घरात मराठी बोलायची. ही देवनागरी लिपी मात्र तिला वाचता येत नाही, म्हणून मी निर्धास्त लिहिते आहे. वाचता आली असती तर कौतुकाची वाक्यं तिनं एकेक करून खोडायला लावली असती.

तिला बोलावण्याची वेळ आली ती माझ्या उपासांमुळे. मी शाळेत गणित शिकवते आणि अंगानं पहिल्यापासून भरपूर आहे. आधी सोमवार धरला, मग गुरुवार, शनिवार, षष्ठी, प्रदोष. मला जेवणाची भीती वाटायला लागली होती आणि ती देवाच्या आड छान लपत होती. घरात माझ्या भक्तीचं कौतुक, बाहेर बारीक होण्याचं. हडकुळ्या मुलीनं जेवण सोडलं की घर हवालदिल होतं. जाड मुलीनं सोडलं की तिचं अभिनंदन होतं. शेवटी एका सकाळी मी वर्गात फळ्यापाशीच कोसळले.

डॉक्टरीणबाईंनी तपासून अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सरळ सांगितलं, की ही उपासमार आहे, हृदयाचे ठोके बिघडले आहेत, आणि हा आजार जाड-बारीक बघून येत नाही. रोज दुपारी जाणतं माणूस शेजारी बसलं आणि ठरलेलं जेवण पोटात गेलं तर घरी ठेवू, एक दिवसही चुकला तर दाखल करू. पुढच्या वेळी हृदय सांगून थांबणार नाही. अप्पांना ते फारसं पटलं नाही. पण ते घाबरले, आणि दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरीणबाईंच्या ओळखीची अक्का टाउन बसनं यायला लागली.

ती स्वतःचा डबा आणायची. “रिकाम्या हातानं समोर बसले तर मी पोलीस,” असं तिचं म्हणणं. डब्यात दहीभात आणि नारत्तंगायचं, म्हणजे आमच्याकडच्या कडसर लिंबाचं, लोणचं, आणि ते ती इतकं चवीनं खायची की मला राग यायचा. माझ्या पानाकडे तिची नजर कधी वळली नाही. बसमधल्या कंडक्टरच्या गोष्टी सांगत ती खिडकीबाहेर बघायची. एकदा मी अर्धी इडली रुमालात सरकवली. अक्का खिडकीकडेच बघत म्हणाली, “जाड रुमाल घेत जा, मा. चटणी गळते.” मी शरमेनं रडायला लागले, तशी तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. “लबाडी आजार करतो. तू कसाला रडतेस?” मग तिनं आत जाऊन दुसरी अर्धी इडली आणली आणि गोष्ट जिथं सोडली होती तिथून पुढं चालू केली.

पाहुण्यांची तर ती दारातच शाळा घ्यायची. “तिच्या अंगाबद्दल एक शब्द नक्को. कावेरीला पाणी सोडलं का, ते बोला.” आमच्या आत्तेबाईंसारखी बाई, जिनं जन्मात कुणाचं ऐकलं नाही, ती मुकाट्यानं धरणाच्या पाण्यावर बोलत बसली. हे बघून मी थक्क झाले होते.

आणि मग मार्गळी महिन्यातली वैकुंठ एकादशी आली. अप्पा पहाटेच देवळात जाऊन आलेले, चुलीवर भात नाही, सगळं घर निर्जळी. मला मनातून केवढा आनंद झाला होता! अक्का आली तेव्हा मी चेहरा शक्य तेवढा सोज्वळ करून सांगितलं, “आज एकादशी, अक्का. आज कसं जेवणार?”

तिनं माझ्याशी वाद घातला नाही. ती सरळ ओसरीवर जपमाळ ओढत बसलेल्या अप्पांसमोर गेली. “अण्णा, देवाचं मी काही बोलत नाही. पण तिचा उपास ती करत नाही, आजार करतो. आज सगळं घर उपाशी असताना तिच्यानं घास गिळवणार नाही. आज मी एकटी पुरायची नाही.”

अप्पांनी आयुष्यात एकादशी मोडली नव्हती. तापात नाही, त्यांचे वडील वारले त्या वर्षीही नाही. मला वाटलं, आता ते तिला घराबाहेर काढतील. त्यांनी जपमाळ डोळ्यांना लावली, उठून कोनाड्यात ठेवली आणि आत बघून अम्माला म्हणाले, “भात ठेव.”

ते माझ्या शेजारी बसले. त्यांनी साराभात कालवला. “देवाला काय सांगायचं ते मी सांगतो,” असं म्हणून पहिला घास घेतला. पलीकडे अक्का डबा उघडून कंडक्टरची गोष्ट सांगत होती, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मी जेवले. रडत रडत, पण पानातलं सगळं जेवले. त्या दिवसापासून मी उपासांना देवाचं नाव देऊ शकले नाही.

बरं व्हायला त्यानंतरही दोन वर्षं लागली. मग अक्काचे गुडघे गेले आणि ती चेन्नईला मुलीकडे कायमची निघाली. तिला सोडायला जुन्या बसस्टँडवर गेले, तेव्हा इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं. “त्या एकादशीला अप्पा जेवायला उठतील हे तुला ठाऊक होतं?”

“नाही, मा. मज फार भ्या वाटत होतं.”

“आणि नसते उठले तर? मी नसते जेवले तर काय केलं असतंस?”

तिला हा प्रश्नच नीट कळला नाही असं दिसलं. पिशवी मांडीवर घेत ती म्हणाली, “तुला इस्पितळात नेलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी तेथ डबा घेऊन आले असते.”