एलोजी तेल्याचा दहावा माणूस

एलोजी नवगावकराचा घाण्याचा बैल भिकाजी मसुरकराने विकत घेतला आणि पहिल्याच शनिवारी त्याला नांगराला जुंपलं. बैल मटकन बसला. भिकाजीने शेपूट पिरगाळली, त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, शेवटी पेंड दाखवली. बैलाने पेंड खाल्ली आणि परत बसला. भिकाजी तरातरा एलोजीच्या घरी गेला. घाणा बंद, एलोजी धुतलेला सदरा घालून पडवीत निवांत.

"एलोज्या, तुझ्या बैलाक काय शिकवलंस रे?"

"माजो खंयचो? आता तो तुजो."

"बैल माजो, पण शनवार तुजो मां!"

मालवणच्या उत्तरेला खाडीकाठी आमचं गाव. अख्ख्या गावात ज्यू म्हणावं असं एलोजीचं हे एकच घर. त्याचा बाप इसाजी तरुणपणी अलिबागकडून लाकडी घाणा घेऊन आला आणि इथलाच झाला. शनिवारी ज्यूंना काम वर्ज्य, म्हणून गाव त्यांना 'शनवारतेली' म्हणे. शनिवारी तेल मिळत नाही हे इतकं अंगवळणी पडलेलं, की शुक्रवारी दुपारीच बायका बाटल्या घेऊन रांगेत उभ्या. ज्यू म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही. तेल चोख होतं, तेवढ्यावर भागलं.

अडचण झाली ती अठ्ठावन्न साली इसाजी गेला तेव्हा. मेलेल्या बापासाठी मुलाने कद्दिश म्हणायचं असतं. म्हणजे प्रार्थनाच, पण ती एकट्याने चालत नाही. दहा ज्यू पुरुष जमले तरच तोंड उघडायचं. मुंबईच्या सिनेगॉगात जाऊन एलोजीने ती म्हटलीही असती. पण म्हाताऱ्याने शेवटच्या आजारात त्याचा हात धरून ठेवला होता. "मुंबईत नको. थंय माका कोण वळाकता? हयसर म्हण, काजीखाली, माज्या उशाक." परसातल्या त्या काजूच्या झाडाखालीच त्याला पुरलं.

झालं. एलोजीच्या मागे भुंगा लागला. दर वर्षी पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या की तो मुंबईच्या नातेवाइकांना बोलावणं धाडी. ते यायला तयार असत, पण तेवढ्यात कुणीतरी इस्रायलला निघून जाई. एका वर्षी मावसभाऊ हैफाला गेला. पुढच्या वर्षी दोघे चुलते दिमोनाला. एक भाचा मधल्यामध्ये लंडनला. गावालाही आता याचा नाद लागला.

"दिमोना खंय इला? वैभववाडीच्या वर?" होडीवाला तय्यब विचारी.

"खूप वर."

"मगे एस्टी नसतली."

भिकाजी घाण्यावर तंबाखू मळत हिशोब मांडी. "जगभर पसरलेत म्हणतंस. लाखांनी आसत म्हणतंस. आणि आमका धा गावणत नाय? नारळ तरी माडाखाली पडता. तुमचो माणूस पडता तो थेट परदेशात!"

त्रेसष्ट साली मात्र जमलं. नऊ जणांनी कबूल केलं, दहावा एलोजी. शुक्रवारी बोट लागली. बोटीवरून माणसं तय्यबच्या होडीत उतरली. होडी किनाऱ्याला टेकायच्या आधीच तय्यब ओरडला, "एलोजीबाबा, एक कमी!"

दानियेल कमी होता. आठवड्यापूर्वीच त्याचा इस्रायलच्या विमानाचा नंबर लागला होता.

एलोजी तिथेच वाळूत बसला, अगदी त्याच्या बैलासारखा. आता ह्यांतलेही तिघे पुढच्या वर्षी निघायचे होते. आज नाही तर कधीच नाही.

पडवीत चहा झाला. प्रार्थना सांगणारे रूबेनकाका आठांत वडील. तय्यब त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "काका, माजी सुन्नत झालेली आसा. डुकराक मी शिवणंय नाय. अर्धो तरी धरा."

रूबेनकाकांनी शांतपणे विचार केला. "साडेनऊ होतात बाबा. दहा लागतात."

भिकाजी उठला. त्याला एकदम आठवलं होतं. फोंडाघाटला रस्त्याच्या कामावर नवा ओव्हरसियर आला होता आणि तो शनिवारी कामाला हात लावत नाही म्हणून मजूर वैतागले होते. "आडनाव पाटणकर. शनवार पाळता. तुमच्यासारखो शेवटाक 'कर' आसा. आजून काय व्हया?"

"तुज्या शेवटाक पण कर आसा," तय्यब म्हणाला.

"पण मी शनवारी राबतंय मां!"

शनिवारी पहाटेच्या गाडीने भिकाजी गेला आणि दिवेलागणीला ओव्हरसियरला घेऊन आला. घाऱ्या डोळ्यांचा, उंच, गोरापान माणूस. त्याला बघून पाहुणे उठून उभे राहिले. कुणीतरी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली.

"शालोम," रूबेनकाका म्हणाले.

"नमस्कार. गुरुदास पाटणकर."

"आपण शनिवार पाळता?"

"एकदम कडक."

"वाडवडिलांपासून?"

"छे, छे. साडेसाती लागल्यापासून." पाटणकर सावरून बसला. "हे गृहस्थ म्हणाले, गावात एक तेली आहे, शनिवारच्या बाबतीत त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नाही. म्हटलं, शनीला तेल तर लागतंच. तुमच्याकडे काही तोडगा आहे का?"

भिकाजी हळूच पडवीच्या खांबामागे सरकला. एलोजीची बायको राहेल तोंडावर पदर घेऊन आत पळाली, आणि आतून हसण्याचा आवाज आला. एलोजी काही हसला नाही. त्याने दिवा उचलला आणि काजीखाली जाऊन बापाच्या उशाशी बसून राहिला.

रविवारी सकाळी त्याच काजीखाली मलिदा, म्हणजे ज्यूंचा नवसाचा प्रसाद, मांडला. गोड पोहे, खोबरं, खजूर, केळी. त्यांचा प्रेषित एलियाहू नबी, त्याचं ताट वेगळं. नऊ जण उभे. कुंपणाबाहेर सगळं गाव. रूबेनकाका म्हणाले, "मलिदा करू. कद्दिश नाही करता येणार, एलोजी."

एलोजीने ताटाकडे पाहिलं. "काका, एलियाहू मेलो काय?"

"नाही. तो जिवंतच आकाशात गेला."

"ज्यू मां?"

"म्हणजे काय!"

"वयात इलेलो?"

"अरे, दाढी होती त्याला!"

"आणि मलिद्याक येता?"

"येतो. म्हणून तर ताट ठेवतो आपण."

"मगे मोजा तेका."

रूबेनकाकांनी एलियाहूचं ताट उगाचच जरा सरळ केलं. उरलेले सातही जण पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागले. शेवटी काका म्हणाले, "मोजतो. पण मोजलेल्या माणसाने आमेन म्हणावं लागतं. दहाव्याचा आवाज नाही आला तर मी थांबवणार."

एलोजीने सुरुवात केली. पहिला थांबा आला. आठांनी आमेन म्हटलं. रूबेनकाका डोळे मिटून उभे होते. त्यांचा हात हळूहळू वर जायला लागला. कुंपणाबाहेर पाटणकराला राहवेना, तो "बजरंगबली की..." एवढं म्हणतोय तोच भिकाजीने त्याच्या तोंडावर हात दाबला.

आणि खाडीच्या पलीकडच्या होडीला हाक मारावी तसा खणखणीत आवाज आला, "आमीन!"

रूबेनकाकांचा हात वरच राहिला. डोळे मिटलेलेच. मग हात खाली आला.

"पुढे म्हण," ते म्हणाले.

एलोजीने कद्दिश पुरं म्हटलं. प्रत्येक थांब्याला तो आवाज आला. शेवटच्याला तर जरा घाईनेच आला.

मलिदा वाटून झाला. पाटणकर बाटलीभर तेल घेऊन खुशीत गाडीला गेला. एलियाहूचं ताट तसंच होतं. रूबेनकाकांनी ते उचललं, कुंपणाशी गेले आणि तय्यबच्या हातात दिलं.

"ज्याचं त्याला पोचव."

तय्यब गोंधळला. "खंय ऱ्हवता तो?"

"ते विचारू नको," रूबेनकाका म्हणाले. "आमच्यातला कोण कुठे राहतो, हे हल्ली आम्हालाच ठाऊक नसतं."

तय्यबने ताटाकडे बघितलं, एलोजीकडे बघितलं. एलोजीने मान हलवली. मग तय्यब कुंपणाला टेकून खाली बसला आणि त्याने पहिला खजूर तोंडात टाकला.